मंगलाला मी संगीत दिलं

शाळेत उतार बांधायचा हुकूम आला की काय होतं, ते आधी सांगते. हुकूम येतो, मग ठेकेदार येतो, मग सिमेंट येतं, आणि सगळ्यांत शेवटी लक्षात येतं की हा उतार कशासाठी बांधायचा हे ठेकेदाराला कुणी सांगितलेलंच नाही. आमच्या शाळेचा उतार फार सुबक झाला होता. तो चढून गेलं की समोर खिडकी यायची. दार तिथून पंधरा पावलं डावीकडे, तीन पायऱ्या चढून. मी ठेकेदाराला म्हटलं, "भाऊ, चाकाच्या खुर्चीतली पोरगी काय खिडकीतून आत जाणार?" तो शांतपणे म्हणाला, "बहनजी, जगह जिथं खाली होती तिथं बनवला." पुढे कितीतरी वर्षं त्या उतारावर शेजारच्या शेळ्या ऊन खात बसायच्या. शेळ्यांची सोय झाली, एवढं तरी पुण्य पदरात पडलं.

मी बुऱ्हाणपुरातल्या मुलींच्या एका शाळेची मुख्याध्यापिका होते. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, त्यामुळे मुख्याध्यापिकेला कुणी मुख्याध्यापिका म्हणत नाही, 'बडी बहनजी' म्हणतात. माझे यजमान बाजारात स्वतःची ओळख 'बडी बहनजीचे मिस्टर' अशी करून द्यायचे. त्यामुळे भाजीवाले त्यांना वांगी निवडून घेऊ देत असत, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगते आहे ती वर्षं 'एकीकरणा'ची. आंधळी, बहिरी, पायानं अधू मुलं लांबच्या वेगळ्या शाळांत न पाठवता गावातल्याच साध्या शाळेत घ्यायची, असं वरून ठरलं होतं. ठरवणाऱ्यांनी ठरवलं आणि निस्तरायला आम्ही होतो. बुऱ्हाणपूर तेव्हा जिल्हा नव्हतं. प्रत्येक कागद खंडव्याला जायचा आणि खंडव्याहून भोपाळला. महिन्यातून एकदा खंडव्याहून एक विशेष शिक्षक पॅसेंजरनं यायचे. गाडी नेपानगरला रखडली तर बिचारे दुपारी पोचायचे, चहा घ्यायचे आणि परतीच्या गाडीला पळायचे. उरलेले एकोणतीस दिवस आम्ही होतो आणि आमचं अज्ञान होतं.

अज्ञानाचा एक नमुना देते. एका शिबिरात आमच्या एका मुलीला कानाचं यंत्र मिळालं. ती ते जेवणाच्या डब्यात ठेवायची. मी तिला रागावले, तिच्या आईला बोलावून घेतलं, रजिस्टरमध्ये 'सहकार्य करत नाही' असा शेराही मारला. मग एकदा तिच्या घरी जाण्याचा योग आला. एका खोलीत चार पॉवरलूम खडखडत होते आणि त्याच खोलीत ही पोरगी अभ्यासाला बसलेली. माझे चांगले कान तिथं दहा मिनिटांत किटले. तिच्या कानात तोच खडखडाट यंत्र दसपट करून घालत होतं. शाळेत परत आल्यावर मी तो शेरा खोडला. यंत्र शाळेच्या कपाटात राहील, सकाळी घालायचं, सुटताना काढायचं, अशी व्यवस्था लावली. साधी गोष्ट होती, पण ती सुचायला मला तिच्या घराचा जिना चढावा लागला.

लोकांना वाटतं, बडी बहनजी शिकवते. शिकवतात शिक्षक. बडी बहनजी सही करते. या मुलीला परीक्षेत लेखनिक मिळावा, सही. हिला अर्धा तास जादा मिळावा, सही. हिचा वर्ग माडीवरून खाली आणावा, सही. अमुक विषयाऐवजी तमुक विषयाची सवलत द्यावी, सही. एका सहीनं मूल आत येतं आणि एका सहीनं बाहेर राहतं. माझी सही मोठी वळणदार होती, शेवटी एक झोकदार शेपटी असलेली, आणि मला तिचा अभिमान होता. त्या सहीनं मी मंगलाचं काय केलं, ते सांगायला खरं तर हा लेख लिहिते आहे.

मंगला सुकलाल महाजन ही इच्छापूरकडच्या एका खेड्यातली. जन्मापासून आंधळी. इंदूरच्या अंधशाळेत काही वर्षं राहून ब्रेल शिकली होती. घराजवळच्या शाळेत आता प्रवेश मिळतो असं कळल्यावर वडिलांनी तिला परत आणलं आणि बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यात तिच्या आत्याकडे ठेवलं. सुकलालभाऊ नववीच्या प्रवेशाला आले ते सायकलला केळीचा अख्खा घड बांधून. घड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बहनजी, पोरगी डोयानं अधू आहे, डोक्यानं नही."

मंगला त्यांच्या मागे उभी होती. दोन वेण्या, ताठ मान, आणि काखेत पत्र्याची एक भोकंभोकं असलेली पाटी. मला वाटलं, काहीतरी खेळणं असेल. मी तिला विचारलं नाही.

नववीत भोपाळच्या परीक्षा मंडळाला नामांकनाचा, म्हणजे परीक्षेच्या नोंदणीचा, फॉर्म जातो. कुठल्या विषयांची परीक्षा देणार ते त्यात लिहायचं, आणि एकदा गेलं की दहावीपर्यंत तेच. दृष्टिहीन मुलांना गणिताऐवजी संगीत घेण्याची सवलत होती. मी सुकलालभाऊंना विचारलं, "हिला गाण्याची आवड आहे का?" ते म्हणाले, "रेडिओ ऐकते दिवसभर." मी खंडव्याच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाहिलं. विशेष शिक्षकांचं मत घेतलं. ते म्हणाले, सगळ्या शाळा संगीतच देतात. झालं. संगीताच्या रकान्यात बरोबरची खूण, खाली माझी झोकदार सही. मला वाटलं, पोरीचं ओझं हलकं केलं. त्या दुपारी मी स्वतःवर इतकी खूश होते की घडातली चार केळी खाल्ली.

तीन महिन्यांनी संगीताच्या पुरोहितबाई माझ्या खोलीत आल्या. अत्यंत सोशिक बाई. पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला. म्हणाल्या, "बहनजी, त्या मंगलाला सूर नाही."

"अहो, शिकेल हळूहळू."

"हळूहळू नाही, कधीच नाही. ती 'सा' लावते तेव्हा बाकीच्या पोरींचा 'सा' हलतो. पण मी सांगायला आले ते वेगळंच. काल मी तीनताल आणि झपताल शिकवला. एकाच्या सोळा मात्रा, दुसऱ्याच्या दहा. ही मधेच म्हणाली, बाई, एकीनं सोळाचा धरला आणि दुसरीनं दहाचा, त ऐंशी मात्रा झाल्या की दोघींची सम पुन्हा एक होईल. मी घरी जाऊन हातावर मोजलं. खरंच ऐंशी येतात. मला वीस वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं."

मी मंगलाला बोलावलं. आमचे गणिताचे चौकसेसर योगायोगानं तिथंच होते. त्यांनी सहज एक-दोन गणितं घातली, मग जरा अवघड, मग चांगलीच अवघड. मंगलानं काखेतली पाटी टेबलावर ठेवली. ते खेळणं नव्हतं. अष्टकोनी भोकांची ती गणिताची पाटी. भोकात शिशाचा छोटा खिळा बसवायचा आणि तो कुठल्या बाजूला वळवला त्यावरून आकडा ठरायचा. तिची बोटं त्या भोकांतून अशी फिरत होती की मी चष्मा पुसून पाहिलं. सुकलालभाऊंनी नंतर सांगितलं, केळी लावायच्या वेळी गावातले लोक तिच्याकडे येतात. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात किती कंद लागतील, तर सतराशे बेचाळीस, हे ती तोंडी सांगते.

"तुला गणित हवं होतं का ग?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मले विचारलंच नही. बाबाले विचारलं, डॉक्टरले विचारलं, त्या सरांले विचारलं. मले वाटलं, माझी बारी येईल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं फक्त क्रम सांगितला होता. मंगलाच्या आधी मी तीन मुलींना संगीत दिलं होतं. त्यांना काय हवं होतं, हे मला आजही माहीत नाही.

बरं, चूक कळली, आता सुधारायची कशी? आमचे सोनीबाबू, म्हणजे शाळेचे कारकून, नियमांत मुरलेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. म्हणाले, "मॅडम, मुदत संपली आहे. शाळेची गलती म्हणून लिहिलं तर स्पष्टीकरण मागतील. ते तुमच्या गोपनीय अहवालात चढेल. आणि तुमच्या बढतीची फाईल सध्या खंडव्यात आहे. त्यापेक्षा अर्ज पोरीच्या नावानं करू. मैंने स्वेच्छा से संगीत लिया था, अब मेरा विचार बदल गया है. एकदम सीधी बात."

मी पंधरा मिनिटं विचार केला असं म्हटलं तर खोटं होईल. मी दोन मिनिटांत हो म्हटलं.

सोनीबाबूंनी अर्ज सुंदर अक्षरात लिहिला. मंगलाला बोलावून मी तो वाचून दाखवला. म्हणजे शेवटची ओळ वाचून दाखवली, संगीताऐवजी गणित मिळावं ही विनंती. 'स्वेच्छा से'ची ओळ मी गाळली. तिला उगाच वाईट वाटेल, असं मी मनाला सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की माझीही खात्री पटली, आपण हे तिच्याचसाठी करतो आहोत.

"अंगठा दे इथं," मी म्हटलं.

"बहनजी, मले सही येते. पुठ्ठा ठेवून करते. इंदूरले शिकवली."

"राहू दे, कागद खराब व्हायचा. अंगठाच बरा."

तिनं अंगठा दिला आणि रुमालाला शाई पुसली. ज्या शाळेत मुलींनी अंगठाबहाद्दर राहू नये म्हणून मी दर पंधरा ऑगस्टला भाषण करायचे, त्याच शाळेत मी सही येणाऱ्या मुलीचा अंगठा घेतला.

चौकसेसरांनी त्याच दिवसापासून शाळा सुटल्यावर तिला शिकवायला सुरुवात केली. मंजुरी येणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दीड महिन्यानं उत्तर आलं तेव्हा मी वर्गांची फेरी मारत होते. सोनीबाबूंनी लिफाफा स्टाफरूममध्ये दिला. सरांसमोर मंगला बसलेली. सरांनी उत्साहानं लिफाफा फोडला आणि मोठ्यानं वाचू लागले. मी दारात पोचले तेव्हा ते वाचत होते, "छात्रा ने स्वयं लिखकर दिया है कि संगीत विषय उसने स्वेच्छा से चुना था. विचार बदलने के आधार पर परिवर्तन संभव नहीं. केवल विद्यालय की त्रुटि होने पर ही विचार किया जा सकता है."

सर थांबले. मंगला म्हणाली, "मी असं कव्हा लिहून देलं?"

पुरोहितबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"त्या अर्जात होतं. मी तुला ती ओळ वाचून दाखवली नाही."

"का?"

"माझी चूक झाकायची होती म्हणून."

मंगलानं पाटीतले खिळे एकेक करून काढले, डबीत टाकले, डबीचं झाकण लावलं. एवढा सगळा वेळ मी तिथं बसून होते. मग तिनं विचारलं, "आता मले गणित भेटनार नही का?"

माझ्या उभ्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, रागावर आमच्याकडे उपाय असतात. तिला फक्त आपलं गणित गेलं की राहिलं एवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वतः पत्र लिहायला बसले. सोनीबाबू घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, लिपिकाची चूक म्हणून लिहा. माझी रिटायरमेंट जवळ आहे, माझं कुणी काय वाकडं करणार?" भला माणूस. मी त्यांना घरी पाठवलं. पत्रात लिहिलं की विषय निवडताना मी विद्यार्थिनीला विचारलं नाही, आणि नंतर तिच्या नावानं खोटं विधान लिहून, ते तिला न वाचता, तिचा अंगठा घेतला. दोन्ही चुका माझ्या. सकाळी सोनीबाबूंनी पत्र पाहून कपाळाला हात लावला. "मॅडम, पहिली ठीक आहे. दुसरी कशाला लिहिता? ती तर कुणी विचारलेलीच नाही!"

पत्रासोबत मंगलाचं निवेदन हवं होतं, तिला खरोखर काय हवं ते सांगणारं. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं आणि वाचायला लागले. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"बहनजी, चौकसेसरांले वाचू द्या."

सरांनी वाचलं. दोन्ही कागद, पहिल्या अक्षरापासून तारखेपर्यंत. मग मंगलानं दप्तरातून चौकोनी खाच पाडलेला पुठ्ठा काढला, कागदावर नीट बसवला आणि त्या खाचेत सही केली. सावकाश, एकेक अक्षर, शेपटी वगैरे काही नाही. कागद अजिबात खराब झाला नाही.

मी पत्र घेऊन खंडव्याला स्वतः गेले. तिथले अधिकारी दोनदा वाचून म्हणाले, "बहनजी, नोकरी में ऐसा कागज़ पहली बार देखा." शिफारस मात्र त्यांनी तिथल्या तिथं करून दिली. मंजुरी आली. माझं स्पष्टीकरणही मागवलं गेलं आणि बढती पुढे ढकलली गेली. यजमान म्हणाले, "चला, म्हणजे वांगी अजून निवडून मिळणार."

पुढचं दीड वर्ष मजेचं होतं. परीक्षेसाठी मंगलाला लेखनिक शोधायचा होता. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, अक्षर मोत्यासारखं हवं, आणि विषय त्याला फारसा येता कामा नये, नाहीतर मदत केल्याचा संशय. अक्षर चांगलं आणि गणित कच्चं अशी मुलगी शोधताना आम्ही जितक्या वह्या चाळल्या, तितकी स्थळं लोक वरसंशोधनात पाहत नसतील. शेवटी आठवीतली रुखसार सापडली. दोघी स्टाफरूमच्या कोपऱ्यात सराव करायच्या. मंगला सांगायची, "कंसात एक्स अधिक तीन, कंस पुरा, त्याचा वर्ग." रुखसार कंस उघडायची आणि पुरा करायला विसरायची. मंगलाला ते पेनाच्या आवाजावरून कळायचं. "रुखसार, दरवाजा लाव," ती म्हणायची.

एकदा मासिक बैठकीत मी सामानाच्या गोंधळावर वैतागून बोलून गेले, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा कारभार आहे!" आणि लगेच जीभ चावली, कारण मंगला कोपऱ्यात सराव करत होती. ती वर मान न करता म्हणाली, "बहनजी, म्हणजे कोणाले तरी कुत्रं हाकलायले बसवा ना. आंधयानं किती कामं करायची?" पुरोहितबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेच्या प्रशासनानं काय करावं यावर मी पुष्कळ शिबिरं ऐकली, पण इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

गणिताच्या पेपरला दोघींना माझ्या शेजारच्या खोलीत बसवलं होतं. तीन तास भिंतीपलीकडून मंगलाचा एकसुरी आवाज येत होता. मधेच एकदा 'दरवाजा' ऐकू आलं आणि पर्यवेक्षिका धावत माझ्याकडे आल्या, पोरी सांकेतिक भाषेत बोलतात म्हणून. त्यांना कंसाची हकीकत सांगता सांगता माझी पाच मिनिटं गेली. निकाल लागला तेव्हा गणितात मंगला शाळेत पहिली आली होती. चौकसेसर दोन दिवस शाळेत असे फिरत होते की जणू पोरगी त्यांच्याच घरची.

अकरावीला ती इंदूरला जाणार होती. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला सुकलालभाऊ तिला घेऊन आले. केळी होतीच, शिवाय मिठाईवाल्याकडचा शेरभर दराबा. दाखला मी स्वतःच्या हातानं भरला होता. ती समोर बसल्यावर मी म्हटलं, "मंगला, ऐक, सगळं वाचते." नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विषय, त्यात गणित, आचरण उत्तम. एकही शब्द गाळला नाही. रजिस्टरचा क्रमांकसुद्धा वाचला.

तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पुढे करून दाखला घेतला आणि उठली. "बहनजी, एक मिनिट. सरांकून वाचून आणते."

भिंतीला हात लावत ती व्हरांड्यातून चौकसेसरांच्या वर्गाकडे गेली. सुकलालभाऊ ओशाळले. "पोरगी पागल आहे बहनजी, मनावर घेऊ नका."

"नाही भाऊ, बरोबर करते आहे ती," मी म्हटलं. तिचं गणित मी परत आणून दिलं होतं. माझ्या वाचण्यावरचा तिचा विश्वास मात्र भोपाळ किंवा खंडव्याला अर्ज करून मिळण्यासारखा नव्हता. तपासणीसांनी माझी दप्तरं कितीदा उलटीपालटी केली, तेव्हा मी खुर्चीत ऐसपैस बसलेली असायचे. त्या दिवशी मी खुर्चीच्या कडेला टेकून दाराकडे बघत होते. दराब्याचा डबा तसाच होता.

ती परत आली. दाखल्याची घडी घालून दप्तरात ठेवली, चेहरा माझ्या दिशेला वळवला.

"बरोबर आहे, बहनजी," ती म्हणाली.